अप्पांच्या मराठीतला नवरामुलगा

आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. हसोत बापडी. तुम्ही 'गं' म्हणता, आम्ही 'गे' म्हणतो. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. ही हकिकत मी तुम्हाला कळेल अशा मराठीत सांगते आहे, एवढे उपकार माना आणि मध्ये मध्ये बोलू नका.

कुंभकोणमला मेलकावेरीत आमचं घर; तंजावूरच्या मराठी राजांच्या मागोमाग इकडे आलेली ब्राह्मण माणसं आम्ही. अप्पा म्हणजे हनुमंतराव, त्यांचं बाजारात पितळी भांड्यांचं दुकान. अम्मा म्हणजे मीनाक्षीबाई, सोवळ्याओवळ्याची इतकी कडक की शेजारणी तिच्या विहिरीकडे बघतानासुद्धा पदर सावरून बघायच्या. थोरली बहीण अलमेलू लग्न होऊन मदुरेला गेली होती. घरात उरले होते मी, सरोजा. तिरुभुवनमच्या शाळेत मास्तरीण होते, रोज बसने जायचं आणि यायचं. वय तेवीस, लग्न नाही, आणि साल एकोणीसशे सत्तावन्न. गल्लीतल्या बायकांना बोलायला फुकटचा विषय मिळाला होता.

अप्पांचा एक नियम होता. उंबरठ्याबाहेर चपला आणि तमिळ सोडायचं, आत येऊन पाय धुवायचे आणि मराठी बोलायचं. दुकानात ते दिवसभर गिऱ्हाइकांशी तमिळमध्ये भांडायचे, इतकं सुरेख भांडायचे की तमिळ माणसं ऐकत उभी राहायची. पण घरात चुकून 'ये', 'जा'ऐवजी 'वा' किंवा 'पो' तोंडातून गेलं तर ताटावरून उठवायचे. "अडीचशे वर्षं आपण जपलंय ते तू एका जेवणात घालवणार काय गे?" असं म्हणायचे.

आता अडचण अशी की आठवड्याचं मासिक, म्हणजे साप्ताहिक हो, मद्रासहून यायचं ते तमिळमध्ये. त्यातली चालू कादंबरी अख्ख्या गावाला हवी असायची. अम्माच्या पिढीच्या बायका तमिळ फाडफाड बोलायच्या, पण वाचायला शिकल्या होत्या त्या फक्त बाळबोध, पोथीपुरतं. म्हणून रविवारी सकाळी अप्पा माजघरात पाटावर बसायचे, चष्मा लावायचे, तमिळ पानावर नजर ठेवायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे. एकदाही अडखळायचे नाहीत. समोर अम्मा, गोमतीबाई, तुळसीमावशी आणि आणखी दोघीतिघी, प्रत्येकीच्या पुढ्यात निवडायला काहीतरी. बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, त्यांचे नवरे बसायचे, आपण ऐकतच नाही असं दाखवत.

त्या वर्षीच्या कादंबरीतल्या मुलीचं नाव पद्मा. नदीकाठच्या गावातली, मोठ्या घरातली. तिचं एका मुलावर प्रेम बसतं आणि तिचा बाप ते होऊ देत नाही, एवढीच गोष्ट. पण लिहिणाऱ्याच्या हाताला काय गुण होता कोण जाणे, आमच्या गल्लीत रविवारचं सांबार हमखास करपायचं.

मी शाळेत तो अंक शनिवारीच वाचून टाकायची. हेडमास्तरीण बाई विकत घ्यायच्या आणि सगळ्या शिक्षिका आळीपाळीने वाचायच्या. त्यामुळे रविवारी अप्पांकडे माझं अर्धंच लक्ष असायचं. एके दिवशी अप्पा वाचत होते, देवाची मिरवणूक निघाली आहे, दिवट्या पेटल्या आहेत, आणि पालखीपुढे वासुदेवराव वीणा वाजवत चालला आहे.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. कसला वासुदेवराव आणि कसली वीणा? छापलेल्या गोष्टीत मुलाचं नाव होतं षण्मुगम, आणि तो नागस्वरम, म्हणजे आमच्याकडची लांब सनई, वाजवत होता. नागस्वरमवाल्याचाच मुलगा होता तो.

तुळसीमावशींनाही शंका आलीच. "वीणा घेऊन चालत चालत कसा वाजवील हो तो?"

"पट्टा होता," अप्पा पान न सोडता म्हणाले. "गळ्यात अडकवायचा चामडी पट्टा."

"चामडी?" अम्माने नाक मुरडलं.

"रेशमी," अप्पा म्हणाले. "रेशमीच लिहिलंय, मी चुकून चामडी म्हणालो."

मी खाली मान घालून हसू दाबलं. मग पुढचे काही रविवार कान देऊन ऐकलं तेव्हा सगळा कारभार लक्षात आला. अप्पांनी त्या मुलाला पार धुऊन, पुसून, मुंज लावून आमच्यातलाच करून टाकला होता. तंजावूरच्या जुन्या घराण्यातला, दोन वेळा संध्या करणारा, घरात मराठी बोलणारा वासुदेवराव. पद्माही आमच्यातलीच. नागस्वरमवाल्याच्या पोराचं नाव घरात, अम्मापुढे, बायकांपुढे घेणं त्यांना जमणारच नव्हतं. आणि गोष्ट तर सोडवत नव्हती.

पण मग बापाने लग्नाला विरोध तरी का करावा? सगळं जुळतंय की! तर त्यावर अप्पांनी एक कारण शोधलं होतं. दोन घराण्यांत भांडण होतं. कुणाच्या तरी मुंजीत पंगतीला वाढप्याने आधी त्यांच्या पानावर वाढलं आणि मग यांच्या पानावर, म्हणून. आमच्या लोकांना हे कारण अगदी पटलं. अशा कारणावरून न बोलणारी घरं आमच्या गल्लीतच होती. पण पटलं म्हणून आवडलं असं नाही. महिना-दोन महिन्यांत बायका पद्माच्या बापावर अशा काही उखडल्या की काय सांगू.

"भाताच्या एका मुदीपायी पोरीचा गळा दाबतो आहे मेला!" हे गोमतीबाई.

"पोराकडे बघा म्हणावं, पोराकडे," अम्मा म्हणायची. पद्माच्या बापाला रस्त्यात अर्धांगाचा झटका येतो, पुराच्या पाण्यातून तो मुलगा त्याला पाठीवर घालून इस्पितळात नेतो, आणि शुद्धीवर आल्यावर बाप त्याचं तोंडसुद्धा बघत नाही. त्या रविवारी अम्मा जेवली नाही. "असा जावई दिवा घेऊन शोधला तरी मिळेल काय? मी असते तर हात धरून मांडवात आणला असता." त्या मुलाला बरं वाटावं म्हणून, तो मधे तापाने पडला होता तेव्हा, गोमतीबाईंनी विठोबाला खडीसाखरेचा नवससुद्धा बोलला होता. गंमत नाही सांगत.

मी गप्प राहिले. गप्प राहणं माझ्या स्वभावात नाही हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. पण या वेळी मी दात आवळून बसले होते, कारण माझाही एक षण्मुगम होता.

त्याचं नाव वरदराज. तिरुभुवनमच्या रेशीम विणकरांतला. त्या लोकांना आमच्याकडे सौराष्ट्री म्हणतात, कारण कित्येक पिढ्यांपूर्वी ते तिकडून उतरत उतरत इथवर आले आणि घरात अजून आपली भाषा बोलतात. म्हणजे बघा, त्याच्या घरात त्यांची भाषा, माझ्या घरात माझी, आणि आम्ही दोघं एकमेकांशी बोलायचो ते तमिळ. त्याचे वडील आणि भाऊ मागावर बसायचे. हा साडीच्या काठांचे नमुने काढायचा, चौकटीच्या कागदावर, बारीक बारीक ठिपके भरून. अलमेलूच्या लग्नाला नऊवारी साड्या विणून घ्यायच्या होत्या तेव्हा अम्माचे निरोप घेऊन मी त्यांच्याकडे जायची. पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी म्हटलं हा मोर नाही, ही कोंबडी आहे. तो म्हणाला, बाई, तुम्ही शाळेत मुलांना मोर दाखवता की कोंबडी? मला राग आला आणि तो माणूस आवडला, दोन्ही एकदमच झालं. मला तो खूप आवडायचा, अजूनही आवडतो, यात लाजण्यासारखं काही नाही.

त्याच्या घरी काही फुलं घेऊन उभे नव्हते. त्याच्या आईला आमची कुणकुण लागली तेव्हा तिने कांड्यांवर रेशीम गुंडाळायचं थांबवून ऐकलं आणि म्हणाली, "तिला रेशमाची कांडी भरता येत नाही, ते शिकेल. पण मी तिला रागावू कुठल्या भाषेत? तमिळमध्ये रागावलं की मला समाधान होत नाही." तेव्हापासून शाळा सुटल्यावर बसची वाट बघताना वरदराज मला त्याच्या आईच्या ठेवणीतल्या शिव्या शिकवायचा. मी त्या पाठ करायची. सासूला उत्तर देता आलं पाहिजे ना!

आमचं ठरलं होतं. लपूनछपून काही करायचं नाही, पळून जायचं नाही. सरकारने रजिस्टर लग्नाचा कायदा केलेला होता, आम्ही दोघंही सज्ञान होतो, पोटापुरतं कमावत होतो. पण मला अम्माचा होकार हवा होता. अप्पांचाही हवा होता, पण अम्माचा आधी. तिच्या पाठीमागे लग्न करून मी त्या घराच्या दारावरून कधी गेले की ती खिडकी लावून घेणार, हे मला जमलं नसतं.

त्यातच आमच्यातल्या लग्नं जुळवणाऱ्या गोपालकृष्णरावांनी त्रिचीचं स्थळ आणलं. मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, बुधवारी बघायला येणार. अप्पांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं.

मी शनिवारी शाळेतून सरळ दुकानात गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. अप्पा एक समई फडक्याने पुसत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वरदराज कोण, काय करतो, किती दिवसांपासून, सगळं. दुकान उंबरठ्याबाहेर, म्हणून तमिळमध्ये सांगितलं. त्यामुळे सोपं गेलं.

अप्पांनी समई खाली ठेवली आणि मराठीत बोलले. दुकानात मराठी मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"नाही गे. हे व्हायचं नाही."

"का?"

"का म्हणून विचारतेस? आपण मूठभर माणसं. आधीच पोरं तमिळमध्ये स्वप्नं बघायला लागलीत. तू तिकडे गेलीस की तुझी मुलं कुठली? ना इकडची ना तिकडची. अलमेलूच्या सासरी काय तोंड दाखवू? आणि तुझी अम्मा? ती अंथरूण धरील."

"तुम्ही अम्माचं नाव पुढे करू नका. तिला मी विचारेन."

"विचार की!" अप्पा एकदम मोकळे झाले. आपली बायको काय म्हणेल याची त्यांना खात्रीच होती. "ती हो म्हणाली तर मी एक अक्षर बोलणार नाही. विठोबाची शपथ. पण ती नाही म्हणाली तर बुधवारी तू मुकाट्याने नवी साडी नेसून बसायचं."

"ती नाही म्हणाली आणि तुम्ही मला बुधवारी बसवलंत," मी म्हटलं, "तर मी काय करते ते बघाच."

मला म्हणायचं होतं की त्रिचीच्या लोकांसमोर उभी राहून मी तोंडावर सगळं सांगेन. तसं मी केलंही असतं. अप्पांचा चेहरा मात्र पडला, आणि ते परत समई पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवार. कादंबरीचा शेवटचा भाग होता. तो अंक शाळेत वेळेवर आला नव्हता, त्यामुळे मी वाचलेला नव्हता. घरचा अंक अप्पांनी सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून आणला आणि न उघडताच पाटावर ठेवला. बायका आज लवकर आल्या. बाहेर तिण्णैवर तर खोकण्याचासुद्धा आवाज नाही. मी ठरवून अप्पांच्या अगदी समोर बसले. वाचन संपलं की सगळ्यांदेखत अम्माला विचारायचं, बायका 'वासुदेवरावा'च्या बाजूने तापलेल्या असतानाच, असा माझा डाव होता. डाव चांगलाच होता, अजूनही म्हणते.

अप्पांनी सुरुवात केली. बापाने पद्माचं लग्न दुसरीकडे ठरवलं. उद्या लग्न. घरात दिवे लागले आहेत. पद्मा मागच्या दाराने निघाली. घाटावर आली. पायऱ्या उतरली.

अप्पा थांबले.

"पुढे?" गोमतीबाई म्हणाल्या.

अप्पा पानाकडे बघत राहिले. त्या पानाच्या वरच्या बाजूला चित्र होतं. माझ्याकडून ते उलटं दिसत होतं, पण दिसायचं ते दिसलं. रिकाम्या पायऱ्या, पाणी, आणि शेवटच्या पायरीवर दोन बांगड्या. लिहिणाऱ्याने तिला मारून टाकली होती. मला इतका संताप आला की विचारू नका. सहा महिने तिला इतकं शूर दाखवलंस आणि शेवटी नदी? दुसरा मार्ग सुचेना का रे तुला? या लिहिणाऱ्यांच्या गोष्टींत जातीबाहेर मन गेलेली मुलगी कधी म्हातारी होतच नाही. एकतर नदी, नाहीतर विहीर, नाहीतर क्षय.

आणि मग माझ्या लक्षात आलं की अप्पांच्या हातात आज आयतं कोलीत आलं आहे. या वेळी काही बदलायची गरज नव्हती. जसं छापलं आहे तसं वाचलं की झालं. बघा, हट्ट केला की काय होतं ते बघा, असं म्हणायचं, आणि बुधवारी माझ्या अंगावर नवी साडी.

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग परत पानाकडे.

"तेवढ्यात," ते म्हणाले, "मागून हाक आली. पद्मा!"

"कुणाची?" अम्मा.

"बापाची."

"बापाची?" तुळसीमावशी म्हणाल्या. "तो अर्धांगाने पडलेला ना? उठून आला कसा?"

"काठी टेकत आला," अप्पा म्हणाले. "हळूहळू आला. पण आला."

"मग? काय म्हणाला?"

अप्पा अडखळले. गोष्ट सांगताना त्यांना असं अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बोटाने ते पानावरची ओळ धरून बसले होते, आणि त्या ओळीत काय लिहिलं होतं ते त्यांना आणि मला दोघांनाच माहीत होतं.

"बाप म्हणाला," अप्पांनी ओळीवरचं बोट उचललं, "वर ये, बाई. तुला ज्या घरी जायचं आहे त्या घरी मी तुला स्वतः घेऊन जातो. उद्या नव्हे, आत्ताच चल."

मग लग्न झालं, वाजंत्री वाजली, बाप सगळ्यांना हाताने वाढत होता, वगैरे त्यांनी भराभर सांगून टाकलं आणि अंक मिटला. बायका डोळे पुसत होत्या. बाहेर कुणीतरी नाक शिंकरलं. अम्मा म्हणाली, "सुटले बाई. शेवटी अक्कल आली म्हणायची त्याला."

आता विचारायची वेळ आली होती. पण तोंड उघडलं तेव्हा मला कळलं की हे असं चालणार नाही. अम्माचा होकार वासुदेवरावाला होता. त्या खोट्या मुलाच्या पाठीमागे लपवून मी वरदराजला घरात आणू? तो काय चोर आहे? मी माझा डाव तिथेच सोडला.

"अम्मा," मी म्हटलं, "तो मुलगा वीणा वाजवत नव्हता. नागस्वरम वाजवत होता. त्याचं नाव वासुदेवराव नाही, षण्मुगम आहे. तो आपल्यातला नाही, ब्राह्मणसुद्धा नाही, आणि मुंजीचं, पंगतीचं भांडण कधी झालंच नाही. ते अप्पांनी घातलं."

"हो?" अम्माने अप्पांकडे बघून विचारलं.

अप्पांनी मान डोलावली.

"शिव शिव!" गोमतीबाई सूप बाजूला सारून उठल्या. "नागस्वरमवाला! आणि आम्ही इतके दिवस..."

"खाली बस गे गोमती," अम्मा म्हणाली. "खडीसाखर वाटून झाली तुझी त्याच्या नावाने. आता कुठे निघालीस?"

गोमतीबाई बसल्या.

अम्मा रागावली की आवाज चढवत नाही, उलट बारीक करते. तशी ती अप्पांना विचारायला लागली. "काय काय बदललंत तुम्ही?"

"जात," अप्पा म्हणाले. "भाषा. नाव. ते वाद्य."

"बापाला पाठीवर घालून पाण्यातून नेलं, ते?"

"ते छापलेलंच आहे."

"तापात पडला असताना आईला कळू दिलं नाही, ते?"

"तेही."

"तिला म्हणाला, तुझ्या बापाला दुखवून मला काही नको. ते?"

"ते सगळं तसंच आहे, मीनाक्षी. अक्षरन् अक्षर."

"म्हणजे मुलगा तोच," अम्मा म्हणाली. पुढ्यातल्या ताटातले दोन खडे तिने वेचून टाकले. मग तिने मान वर केली. "आणि शेवट?"

अप्पांनी मिटलेला अंक मांडीवर ओढला.

"शेवट तरी खरा सांगितलात ना?"

"नाही," अप्पा म्हणाले. "छापलंय की ती नदीत गेली. कुणी हाक मारली नाही. सकाळी नावाड्याला सापडली."

तुळसीमावशींनी तोंडावर पदर धरला.

"मग तुम्ही तिला वाचवलीत कशाला?" अम्माने विचारलं. "नागस्वरमवाल्याचं पोर तुम्हाला घरात नको होतं. मग मरू द्यायची होती."

"माझ्याच्यानं झालं नाही," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "तोंडाशी आलं होतं गे. पण सरोजा समोर बसली होती."

मला एकदम रडू फुटलं. कालच्या माझ्या त्या एका वाक्याने अप्पा रात्रभर काय काय बघत बसले असतील ते मला तेव्हा कळलं. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले. "अप्पा, वेडे आहात तुम्ही! मी कुठल्या नदीबिदीत जाणार नाही. मला पोहता येतं!"

"सरोजा समोर बसली होती म्हणजे काय?" अम्मा म्हणाली. "हिचा यात काय संबंध?"

मग मी सांगितलं. रडत सांगितलं, पण सगळं सांगितलं. तिरुभुवनम, वरदराज, विणकर, सौराष्ट्री, काहीही धुतलंपुसलं नाही. "मी मरणार नाही अम्मा आणि पळूनही जाणार नाही. मला लग्न करायचं आहे आणि त्या लग्नाला तू हवी आहेस. अप्पांनी शपथ घेतली आहे, तू हो म्हणालीस तर ते एक अक्षर बोलणार नाहीत."

इतक्या बायका जमलेल्या, पण कुणी 'अय्यो'सुद्धा म्हणालं नाही. मी अम्माच्या तोंडाकडे बघत होते. नाही म्हणणार, असंच मला वाटायला लागलं होतं, आणि नाही म्हणाली तरी आपण लग्न करणार हेही मला ठाऊक होतं. फक्त मग आयुष्यभर काहीतरी दुखत राहणार होतं.

"त्यांच्या घरचं पाणी मी पिईन की नाही, मला ठाऊक नाही," अम्मा शेवटी म्हणाली. "ते आज मला विचारू नकोस."

"नाही विचारत."

"अलमेलूच्या सासरी काय बोलतील तेही ठाऊक नाही. बोलतीलच. या बसल्यात त्याही बाहेर पडल्या की बोलतील." बायकांनी माना खाली घातल्या. "पण सहा महिने मी त्या बापाला या तोंडाने शिव्या घातल्या. देवापुढे बसून घातल्या. आता माझी पाळी आली म्हणून मी त्याच्या जागी जाऊन बसू काय?"

ती उठली, पुढ्यातलं ताट उचललं, आणि अप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाप काय म्हणाला ते तुम्ही आत्ता सगळ्यांदेखत सांगितलंत," ती म्हणाली. "ते मात्र आता बदलायचं नाही."

आणि आत निघून गेली.

अप्पा पाटावर तसेच बसून होते. मग त्यांनी चष्मा काढला, खुंटीवरचं अंगवस्त्र घेतलं, ते दोनदा खांद्यावरून घसरलं, तिसऱ्यांदा बसलं. बायका वाट देऊन बाजूला झाल्या. दारात चपला पायात सरकवत ते मागे वळले.

"आत्ता तिरुभुवनमची बस मिळेल काय गे?" त्यांनी मला विचारलं.

त्या बसने मी रोज जायची, तरी मला उत्तर आठवेना. मी नुसती मान डोलावली आणि त्यांच्या मागे निघाले.